एसयूव्ही उचलत नाही? पार्ट बदलायच्या आधी उशीर नेमका कुठे होतोय ते शोधा

एक्सलेटर दाबला आणि गाडी पळायच्या ऐवजी एक-दीड सेकंद जागच्या जागी रेंगाळली, मग अचानक झटका देऊन निघाली, किंवा निघालीच नाही नुसती घोंगावत राहिली, असं ज्यांच्या एसयूव्हीचं होतंय आणि ज्यांनी आजवर बॉनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या सात सीटर डिझेलला हाच त्रास झाला होता. पुढे ट्रक, मागच्या सीटवर मुलं आणि आई-बाबा, मी ओव्हरटेकला बाहेर काढली, पाय पार तळाला टेकवला आणि गाडी उचलेचना. कसाबसा मागे आलो. ते दोन सेकंद मी अजून विसरलो नाहीये, म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो की दोष सापडेपर्यंत समोरून वाहन येत असेल तर ओव्हरटेक करूच नका, पिकअपवर भरवसा ठेवायचा नाही.

एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली तर स्कॅनर लावून पाच मिनिटांत "टर्बो गेलाय, नवीन टाकावा लागेल" असं सांगितलं. टर्बो, म्हणजे सायलेन्सरच्या गॅसवर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा, ठणठणीत होता. दोष वेगळाच निघाला, तो खाली सांगतोच, पण त्या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकलो ती आधी: उशीर पाय आणि इंजिनच्या मध्ये होतोय की इंजिन आणि चाकांच्या मध्ये, हे ठरल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

सुरुवात आरपीएमच्या काट्यापासून

मोकळा सरळ रस्ता बघा, शेजारी कुणालातरी बसवा, काटे बघायचं काम त्याचं आणि तुम्ही फक्त रस्ता बघायचा. इंजिन पूर्ण गरम झालेलं हवं. ताशी ४० च्या आसपास चालत असताना एक्सलेटर निम्म्यापेक्षा जास्त दाबा आणि शेजारच्याला विचारा आधी काय हललं. आरपीएम चढायलाच वेळ लागला तर दोष इंजिनच्या बाजूला म्हणजे हवा, इंधन, स्पार्क, सेन्सर किंवा सायलेन्सरची लाइन. आरपीएम झपकन चढला पण स्पीड तसाच राहिला तर इंजिन आपलं काम करतंय, ताकद मधे क्लच किंवा गिअरबॉक्समध्ये हरवतेय. आणि दोन्ही एकत्र चढतायत पण फार सावकाश, तर एखादा ब्रेक धरून राहिलाय का, टायरमध्ये हवा कमी आहे का हे आधी बघायचं. एवढ्या एका टेस्टने निम्मा गोंधळ मिटतो, खरंच.

यात नवीन माणूस एका जागी फसतो. टर्बो डिझेलला साधारण १५०० ते १८०० आरपीएमच्या खाली जोर कमीच असतो, टर्बो फिरायला जेवढा सायलेन्सरचा गॅस लागतो तेवढा तिथे तयारच होत नाही. पाचव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर पाय दाबून गाडी ढिम्म म्हणणं हा दोष नाही, एक गिअर खाली घ्या. ऑटोमॅटिकमध्येही पाय जोरात दाबल्यावर गिअरबॉक्स खालचा गिअर शोधतो, त्याला थोडा वेळ लागतोच. गाडी नवीन असल्यापासून असंच होतं की गेल्या महिनाभरात सुरू झालंय, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

पाना हातात घ्यायच्या आधी

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट बघा. हसण्यावारी नेऊ नका, वरून घातलेली जाड मॅट्स पुढे सरकतात आणि एक्सलेटरच्या खाली अडकतात, मग तुम्ही तळापर्यंत दाबला असं वाटतं पण पेडल पाऊणच जातो. मॅट काढून एक चक्कर मारून बघायची. मग ड्राइव्ह मोड बघा, इको मोडमध्ये पेडलचा प्रतिसाद मुद्दाम मऊ केलेला असतो आणि घरातल्या दुसऱ्या कुणी तो लावून ठेवला असेल तर तुम्हाला कळणारही नाही.

ब्रेक लाइटचा स्विच ही जागा तर बरेच जण बघतच नाहीत. आजकाल पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि एक्सलेटर एकाच वेळी दाबले तर कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापतो, सुरक्षेसाठी. आता ब्रेक पेडलवरचा स्विच खराब किंवा सैल झाला असेल तर तुमचा पाय ब्रेकवर नसतानाही गाडीला वाटतं ब्रेक दाबलाय. संध्याकाळी कुणालातरी मागे उभं करा, पेडलला हात न लावता ब्रेक लाइट लागलेले दिसतायत का किंवा लुकलुकतायत का बघा. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय ब्रेकवर टेकवून चालवायची सवय असेल तर त्यानेही हेच होतं.

ब्रेक धरतोय का हे बघायला दहा-पंधरा मिनिटं चालवून, शेवटी शक्यतो कमीत कमी ब्रेक वापरून गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, टेकवायचा नाही, नुसती धग जाणवते. चारपैकी एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर बहुधा त्या चाकाचा ब्रेक अडकलाय. मग इंजिन खोलायची गरजच नाही, आणि ते चाक तसं ठेवून लांबचा प्रवासही करायचा नाही.

स्कॅनर लावा, पण त्याचं सगळं खरं मानू नका

ओबीडी २ चा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचा, १६ पिनचा सॉकेट स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या आत असतो. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप एवढं नवीन माणसाला पुरतं. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी लावा, कारण पेंडिंग कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदलेल्या पण अजून पक्क्या न झालेल्या दोषांचे नंबर, दिवा न लावताही बसलेले असतात. कोड दिसला की आधी फोटो काढा, त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेम म्हणून एक पान येतं, दोष झाला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, लोड (इंजिनवरचा भार) किती होता ते सगळं त्यात असतं, त्याचाही फोटो काढा. कोड उडवला की हे पुसलं जातं, म्हणून घाईने क्लिअरचं बटण दाबायचं नाही.

पिकअपच्या तक्रारीत नेहमी भेटणारे कोड सांगतो. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब पाहिजे तेवढा येत नाही. पी०१०१ म्हणजे हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरची किंवा त्याच्या लाइनची तक्रार. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), कुठल्याही एका सिलिंडरवर न थांबणारा. पी००८७ म्हणजे इंधनाच्या रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत) दाब कमी. पी२१३५ आणि पी२१३८ हे थ्रॉटलच्या आणि पेडलच्या सेन्सरचे. आता महत्त्वाचं, कोड कुठल्याही पार्टचं नाव घेत नाही, तो फक्त लक्षण सांगतो. पी०२९९ चा अर्थ "टर्बो बदला" असा होत नाही. दाब कमी आहे एवढाच होतो, तो टर्बो बनवतच नाही की बनवून वाटेत गळतोय हे कोडला माहीत नसतं. माझ्या बाबतीत नेमकी तिथेच चूक झाली होती.

कोडपेक्षा लाइव्ह डेटा जास्त बोलतो. इंजिन बंद, इग्निशन ऑन ठेवून एक्सलेटर हळूहळू पूर्ण दाबा आणि अ‍ॅपवर पेडल पोझिशन बघा. आकडा सलग चढला पाहिजे, मधेच उडी मारली किंवा थबकला तर पेडलचा सेन्सर संशयित. त्याच्या आत दोन सेन्सर एकमेकांवर लक्ष ठेवून असतात, बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या अर्धं असतं, आणि दोघांचं जुळलं नाही की गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद मुद्दाम कमी करून हळूहळू घरी पोचण्यापुरतं चालू देते. पूर्ण दाबूनही काही गाड्यांत १०० दिसत नाही, ८० च्या आसपासच थांबतं, तो दोष नाही.

पेट्रोलवाल्यांनी फ्युएल ट्रिम बघावा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (बऱ्याच वेळात शिकलेला) दोन्हींची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत हवी. बेरीज आयडलला (पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) बरीच वर आणि २५०० आरपीएमवर खाली येत असेल तर कुठूनतरी चोरून हवा आत येतेय, व्हॅक्यूमच्या पाइपला गळती. उलट लोड वाढेल तशी बेरीजही वाढत गेली तर इंधन कमी पडतंय किंवा एअरफ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय. या एका आकड्याने शोध अर्ध्यावर येतो आणि हा बघायला काहीही खोलावं लागत नाही.

टर्बोवाल्यांनी मॅनिफोल्ड प्रेशर बघावं, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. इंजिन बंद असताना हा आकडा बाहेरच्या हवेएवढा, समुद्रसपाटीजवळ १०० किलोपास्कलच्या आसपास, उंचावर त्याहून कमी. चढावर जोर देताना टर्बो डिझेलला तो २०० च्या पुढे जायला हवा. माझ्या गाडीत बायको मोबाइल धरून वाचत होती, ११०, ११५, १२०, आणि तिथेच अडकला. हवा दाबली जात होती पण पोचत नव्हती.

हवेची वाट, इथे वेळ द्या

पिकअपच्या तक्रारीत मी हवेच्या वाटेपासून सुरू करतो कारण घरी करण्यासारखं सगळ्यात जास्त काम इथेच आहे. एअर फिल्टरचा डबा चार क्लिपांचा किंवा स्क्रूचा असतो, फिल्टर काढून उजेडासमोर धरा, आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. ठोकून धूळ झाडून परत घालणं हा तात्पुरता उपाय, आणि काँप्रेसरची हवा उलटसुलट मारून कागद फाटला तर धूळ थेट इंजिनात जाते. डब्यात पानं, उंदराने आणलेला कापूस असलं काही आहे का तेही बघून घ्या.

डब्याच्या पुढेच पाइपवर मास एअरफ्लो सेन्सर असतो, आत केसाएवढी बारीक तार किंवा पातळ पट्टी. तिच्यावर धूळ-तेलाचा थर बसला की ती हवा कमी मोजते. साफ करायला त्याच कामासाठी मिळणारा एअरफ्लो सेन्सर क्लीनरच वापरा, कार्ब क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर चालत नाही, आणि बोट, कापूस, इअरबड काहीच लावायचं नाही. इग्निशन बंद करा, कनेक्टर काढा, सेन्सर बाहेर घ्या, लांबून आठ-दहा फवारे मारा, पंधरा-वीस मिनिटं आपोआप वाळू द्या, मग बसवा. तेल लावून वापरायचा धुण्यासारखा फिल्टर असेल आणि त्याला तेल जास्त झालं असेल तर ते उडून इथेच येऊन बसतं.

पेट्रोलमध्ये त्यापुढे थ्रॉटल बॉडी. पाइप काढल्यावर आतली चकती दिसते, तिच्या कडेला काळा चिकट थर जमलेला असतो आणि त्यामुळे पहिला थोडासा पाय दाबल्यावर गाडी अडखळते. क्लीनर कापडावर घेऊन पुसा, इग्निशन ऑन असताना बोटाने चकती ढकलू नका, आत मोटर आणि प्लास्टिकचे गिअर असतात ते तुटतात, शिवाय बोट अडकू शकतं. साफ केल्यावर आयडल थोडा वेळ वरखाली होईल, कॉम्प्युटरला चकतीची नवीन जागा शिकावी लागते, काही गाड्यांत ते आपोआप होतं, काहींत स्कॅनरने शिकवावं लागतं, मॅन्युअल बघा.

आता टर्बोचे पाइप, म्हणजे माझा दोष. टर्बोमधून दाबलेली हवा जाड रबरी होजमधून इंटरकूलरला (ही गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाते आणि तिथून इंजिनला. हे होज वर्षानुवर्षं गरमी आणि दाब खाऊन कडक होतात आणि बरोबर क्लॅम्पच्या कडेला चिरतात. गंमत अशी की आयडलला दाबच नसतो, त्यामुळे चीर मिटलेली असते, उभ्या गाडीत काही दिसत नाही आणि काही ऐकूही येत नाही. रस्त्यावर जोर दिला की ती तोंड उघडते. काच खाली करून चढावर पाय दाबा, फुस्स असा आवाज येत असेल तर ही चीर. डिझेलमध्ये सोबत काळा धूरही जास्त दिसतो.

मी काय केलं, इंजिन थंड झाल्यावर टॉर्च घेऊन एकेक होज हाताने चाचपत गेलो. वरून सगळे कोरडे होते. इंटरकूलरच्या खालच्या होजखाली हात घातला तर बोटांना तेलकट काजळी लागली, बाकी सगळीकडे साधी धूळ आणि तिथे मात्र ओल्या धुळीचा लांबट पट्टा, जणू कुणी तिथून सारखं फुंकतंय. टर्बोच्या हवेत थोडी तेलाची वाफ असते, ती गळते तिथे धूळ धरून ठेवते. होज दोन्ही हातांनी पिळला तेव्हा क्लॅम्पला लागून बोटाच्या एका पेराएवढी चीर उघडली. सोडला की परत बंद, दिसायचीच नाही. म्हणून नुसतं बघू नका, पिळून बघा, विशेषतः खालची बाजू. तरी सापडलं नाही तर वर्कशॉपमध्ये स्मोक टेस्ट सांगा, पाइपांत धूर भरतात आणि तो जिथून बाहेर येतो तिथे गळती, वाद घालायला जागाच राहत नाही.

होज सगळे ठीक असतील तर मग टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरकडे जा, टर्बोचा दाब कमी-जास्त करणारी दांडी तो हलवतो, त्याला जाणारा बारीक व्हॅक्यूम पाइप तुटलाय का, दांडी हलते का. एवढं सगळं बघून झाल्यावरच टर्बोचं नाव घ्यायचं.

इंधन आणि स्पार्क

डिझेल फिल्टरचा बदलायचा काळ उलटून गेला असेल तर आधी तो बदलून घ्या. चोंदलेल्या फिल्टरची खूण अशी की हळू चालवताना सगळं ठीक, लांब चढावर किंवा पूर्ण पाय दाबल्यावर दम जातो. इंधन भरल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर पाणी किंवा भेसळीचा संशय घ्या, फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पण कॉमन रेलच्या पुढच्या लोखंडी नळ्यांना घरी पाना लावायचा नाही, कधीच नाही. चालू इंजिनात तिथला दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो आणि बारीक फवारासुद्धा कातडी भेदून आत शिरतो. ते काम माहीतगार माणसाचंच.

पेट्रोलमध्ये स्पार्क प्लग आणि कॉइल. जोर देताना गचके बसतायत, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय तर मिसफायर आहे, आणि लुकलुकणारा दिवा असताना गाडी पळवत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा भाग) जाळून टाकतं. एका सिलिंडरचा कोड असेल, समजा पी०३०२, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याच्या जागी लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर बघायचा. कॉइल हलवताना इंजिन बंद आणि थंड पाहिजे हे सांगायला नकोच.

बाहेर जाणारा धूर

इंजिनला आत श्वास घेता आला तरी बाहेर सोडता आला नाही तर तेच होतं. डिझेलमध्ये इजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडाच अडकला की जळलेला गॅस सारखा परत आत येत राहतो, ताज्या हवेला जागा उरत नाही, खालच्या आरपीएमला गाडी मरगळते आणि काळा धूर येतो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीचा वापर फक्त शाळा-ऑफिस-बाजार असा दोन-चार किलोमीटरचा असेल तर काजळी जळायला लागणारी ५५० ते ६०० अंशांची गरमी मिळतच नाही आणि तो भरत जातो. डीपीएफचा दिवा नुकताच लागला असेल तर मॅन्युअलमध्ये दिलंय तसं मोठ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा, बऱ्याचदा मोकळा होतो. दिवा लुकलुकायला लागला किंवा गाडी लिम्प मोडला गेली असेल तर स्वतः प्रयत्न करू नका, वर्कशॉपमध्ये फोर्स्ड रिजनरेशन, म्हणजे स्कॅनरने हुकूम देऊन काजळी जाळणं, करून घ्या. आणि डीपीएफ काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती काजळी मग मागे चालणाऱ्यांच्या फुप्फुसात जाते.

पेट्रोलमध्ये कन्व्हर्टर आतून वितळून चोंदला की गाडी सुरुवातीला बरी निघते आणि वरच्या आरपीएमला गळा दाबल्यासारखी थांबते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावून बघतात, २५०० आरपीएमवर ०.२ बारच्या वर दाब गेला तर वाट अडलेली आहे. हे गेज वर्कशॉपमध्ये असतं, तिथेच करून घ्या.

आरपीएम चढतो पण गाडी नाही

मॅन्युअलमध्ये चौथ्या गिअरला ताशी ५० वर असताना पूर्ण पाय दाबा, आरपीएम उडाला आणि स्पीड मागे राहिला तर क्लच घसरतोय, सोबत जळका वास आला तर शंकाच नको. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल बघावं लागतं, जुनं काळपट आणि जळका वास येणारं असेल तर बदलायचं, पण हल्लीच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते आणि लेव्हल ठरावीक तापमानालाच तपासायची असते, त्यामुळे अंदाजाने घरी भरू नका. ऑइलही गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच, सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल वेगळं असतं आणि साधं ऑटोमॅटिकचं ऑइल त्यात घातलं तर गिअरबॉक्स जातो. ऑइल ठीक असूनही डी लावल्यावर गाडी धरायला वेळ घेत असेल तर गिअरबॉक्सचा स्वतंत्र स्कॅन करून घ्या, साध्या ओबीडी अ‍ॅपला त्यातलं फारसं दिसत नाही.

वर्कशॉपमध्ये गेल्यावर

"पिकअप नाही" एवढंच सांगू नका. कुठल्या गिअरला, किती आरपीएमवर, गरम असताना की थंड, कधीपासून, धूर कुठल्या रंगाचा, हे सगळं लिहून न्या, कोडचे आणि फ्रीझ फ्रेमचे फोटो दाखवा, आणि शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून तो दोष दाखवा. मोठा पार्ट बदलायचं म्हणाले तर शांतपणे विचारायचं, कुठल्या टेस्टने ठरलं आणि आकडा किती आला. चांगला मेकॅनिक या प्रश्नावर चिडत नाही, उलट आनंदाने दाखवतो. मी दुसऱ्या ठिकाणी गेलो तिथल्या माणसाने चिरलेला होज हातात धरून मलाच परत एकदा पिळून दाखवला.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरला, तेवढ्याच माणसांसह तीच टेस्ट परत करा आणि आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. आमच्या गाडीत नवीन होज टाकल्यावर त्याच चढावर मॅनिफोल्ड प्रेशर २१५ गेलं, कोड उडवला तो परत आला नाही. होज बदलला असेल तर क्लॅम्पही नवीनच घ्या, जुना परत लावू नका, आणि दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर इंजिन थंड असताना तो एकदा आवळून बघा, नवीन रबर बसलं की थोडा सैल पडतो.